गाडीतलं घर आणि कोकणातला पाऊस: वाचकांचे प्रश्न, काकांची उत्तरं

मागच्या अंकात जुन्या पिकअपवर झोपायचं खोकं कसं बांधलं ते थोडक्यात लिहिलं होतं, त्यावर एवढे प्रश्न आलेत की गॅरेजातल्या पोराला वाचायला बसवलं तरी दुपार गेली. सगळे घेता येत नाहीत. सारखेसारखे होते ते एकत्र केलेत, आणि ज्यांनी फक्त "खर्च किती येईल" एवढंच विचारलंय त्यांना आधी गाडी बघितल्याशिवाय मी आकडा सांगत नाही, राग मानू नका.

प्रश्न (गुहागर तालुक्यातून एक ताई): काका नमस्कार. मी आणि माझ्या नवऱ्याने फेब्रुवारीत घाटावरच्या एका जोडप्याकडून जुनी गाडी घेतली. पिकअप आहे, 2014 चं मॉडेल, मागे प्लायची खोली, बेड, छोटा ओटा, वर सोलर, सगळं तयार. बघताना एकदम मस्त वाटली. पहिल्याच पावसात ओट्याच्या वरच्या कोपऱ्यातून पाणी टपकायला लागलं. वर चढून सगळीकडे सिलिकॉन मारलं तरी थांबेना, आणि आता बेडमागची भिंत दाबली की बोट आत जातं. काय करायचं?

उत्तर: ताई, बोट आत जातंय म्हणजे तेवढं प्लाय गेलं, त्याचं आता काही होत नाही, पण गाडी गेली असं समजू नका.

पहिली गोष्ट, जिथे टपकतं तिथे भोक नसतं. कौलारू घरात वाढलात असाल तर हे मी सांगायला नको, कौल सरकलेलं असतं एकीकडे आणि पाणी वाशावरून घरंगळत येऊन पडतं देवघरात. गाडीत पण तेच, पाणी शिरतं एका स्क्रूतून, मग आतल्या पाइपाच्या फ्रेमवरून चालत चालत चार फुटांवर बाहेर येतं. त्यामुळे उघडीप मिळाली की एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून बागेचा पाइप धरायचा, धार बारीक, आणि सुरुवात खालून करायची. आधी खालचा सांधा दहा मिनिटं, मग खिडकीची खालची कड, मग बाजू, मग वरची कड, छत सगळ्यात शेवटी. बहुतेक जण आधी छतावर पाणी ओततात, ते सगळीकडून खाली येतं आणि मग काहीच कळत नाही. माझा अंदाज विचाराल तर सोलरच्या पट्ट्यांचे स्क्रू किंवा केबिनवर जो पुढे आलेला भाग असतो त्याचा सांधा. घाटावर पाऊस वरून पडतो हो, आपल्याकडे जूनमध्ये नैऋत्येची झड आडवी येते आणि त्यात गाडी साठच्या स्पीडने चाललेली असली की त्या पुढच्या सांध्यावर पाणी अक्षरशः दाबून भरलं जातं. तिकडे बांधणाऱ्याला हे सुचलेलंच नसतं, त्यात त्याची काही चूक म्हणता येणार नाही.

दुसरं, ते सिलिकॉन. जुन्या सिलिकॉनवर काहीच चिकटत नाही, नवीन सिलिकॉनसुद्धा नाही. सगळं खरवडून काढायचं, प्लॅस्टिकच्या पट्टीने, मग थिनर नाहीतर स्पिरिटने पुसायचं. सोलरची पट्टी आणि छत यांच्यामध्ये ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), स्क्रूच्या डोक्यावर पीयू म्हणजे पॉलीयुरेथेन सीलंट. ब्युटाइल टेप कधी कडक होत नाही, गाडी घाटात पिळवटली तरी ती सोबत हलते, म्हणून ती.

आता कुजलेला भाग. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने भिंत ठोकत जायचं, चांगलं प्लाय टकटक वाजतं आणि कुजलेलं बदबद वाजतं, बद संपून टक सुरू झालं की तिथून अजून एक वीत पुढे कापायचं. आतली लोखंडी फ्रेम बघायची, गंजून पापुद्रे निघत असतील तर ताराच्या ब्रशने घासून रस्ट कन्व्हर्टर मारायचा, तो गंजावर काळा पडतो, मग रेड ऑक्साइड. नवीन प्लाय घेताना दुकानदार "वॉटरप्रूफच आहे" म्हणतो त्यावर जाऊ नका, शीटवर आयएस 710 छापलेलं बघा, ते मरीन. 303 वालं किचनला ठीक आहे, आपल्या गाडीला नाही. आणि कापलेली प्रत्येक कड आधी रेझिनने बंद करायची कारण प्लाय पाणी पितं ते कडेनेच.

हे अनुभवाने सांगतोय. माझं पहिलं खोकं मी ओळखीच्या सुताराकडून साध्या प्लायचं करून घेतलं होतं, वर लॅमिनेट लावलं, काय दिसत होतं! गणपतीत दार उघडायला गेलो तर दार फुगून चौकटीत असं बसलेलं की शेवटी खिडकीतून पोराला आत सोडला. आतून गोड कुबट वास, आणि बेडखाली अळंबी आलेली, खरंच, छत्रीसकट. सुताराला काय बोलणार, त्याला मी कपाट सांगितलं त्याने कपाट बांधलं.

तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच सांगतो की कोकणात हे घर समजून बांधू नका आणि गाडी समजूनही बांधू नका, होडी समजून बांधा. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने खारा वारा असतो. सुताराऐवजी मिरकरवाड्याला, हर्णैला, मालवणला जे बोटीचं फायबर करतात त्यांच्याकडे जा. प्लायवर काचेच्या तंतूंच्या मॅटचे दोन थर आणि रेझिन, कोपऱ्याला तिसरा, आणि कोपरे काटकोनी ठेवायचे नाहीत, जरा गोल करायचे, कारण मॅट काटकोनात बसत नाही, आत हवा राहते आणि तिथूनच फुटतं. स्वतः करणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, हार्डनर आणि कोबाल्ट, म्हणजे रेझिन घट्ट करायला घालतात ती दोन द्रावणं, एकमेकांत थेट कधीही मिसळायचं नाही, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये ढवळायचं, हार्डनर ऐन वेळी. भर पावसात तर करूच नका, हवेत ओल असली की फायबर वरून चिकट राहतं आणि बाहेरून कितीही वाळलेलं दिसलं तरी प्लायच्या पोटात पाणी असतं. सध्या ताडपत्री टाका, आतली कुजलेली भिंत उघडी करून ठेवा म्हणजे वारा लागेल, आणि काम दसऱ्यानंतर. तसंही जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा सगळ्या बोटी ओढून वर घेतलेल्या असतात आणि फायबरवाल्याला मान वर करायला वेळ नसतो. ऑक्टोबरात तो निवांत भेटतो, भाव पण नीट बोलतो.

प्रश्न (खेडहून): ऑनलाइन कॅम्पर शोधतोय, बोलेरो कॅम्पर भरपूर दिसतात पण फोटोत बेड कुठेच दिसत नाही. आत असतो का?

उत्तर: नसतो हो. कॅम्पर हे त्या मॉडेलचं नाव आहे, डबल केबिनची पिकअप, पुढे चार-पाच माणसं आणि मागे आखूड हौदा. महिन्यात एक तरी फोन येतोच यावरून. तुम्हाला झोपायचं खोकं बसवायचं असेल तर उलट सिंगल केबिन लांब हौद्याची बघा, नाहीतर पाय फाळक्याच्या बाहेर लटकतील.

प्रश्न (राजापूर आणि देवगडहून दोघांनी विचारलंय): जुनी पिकअप घेऊन त्यावर बांधायचं आहे. घेताना काय बघू? किलोमीटर किती झालेले चालतील?

उत्तर: किलोमीटर मी शेवटी बघतो. आधी विचारतो की गाडीने आयुष्यभर काय वाहिलं.

मासळीची गाडी असेल तर स्वस्तात मिळते आणि सोडून द्यायची. बर्फ वितळतो, खारं पाणी हौद्याच्या फटीतून खाली चॅसीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर गळतं, रोज, वर्षानुवर्षं. वरून रंग मारलेला असतो, नवीन टायर घातलेले असतात, पण गाडीखाली आडवं होऊन हौद्याखालचे आडवे मेंबर स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, डबल चॅनेलच्या मध्ये बोट घालून बघा, मुठभर गंज हातात येईल. वास तर जातच नाही, मे महिन्यात दुपारी खोकं तापलं की बांगडा हजर. मी एकदा लोभाने घेतली होती, चॅसीला पट्ट्या मारण्यात जेवढे पैसे गेले तेवढ्यात बरी गाडी आली असती.

चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची गाडी असेल तर गंज कमी पण पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) मेलेले. सपाट जमिनीवर उभी करून मागून बघा, एका बाजूला झुकलीय का, पाटे सरळ किंवा उलटे झालेत का, एक्सलच्या रबरवर आपटल्याच्या खुणा आहेत का. मागच्या चाकांजवळ चॅसीला वेल्डिंग दिसलं तर नमस्कार करून घरी या. पाटे नवीन घालता येतात, वाकलेली चॅसी सरळ झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही, सरळ झाली असं सांगणारे पाहिलेत.

आंब्याची गाडी असेल तर घ्या. मार्च ते मे रात्री वाशीला पळते, किलोमीटर भरपूर दिसतात पण पेट्यांचं वजन बेताचं, माल कोरडा, आणि सीझनला वाटेत बंद पडली तर माल सडतो म्हणून मालक इंजिन सांभाळून असतो. माझ्याकडची सध्याची तीच आहे.

एवढं झालं की मग क्लच, गिअर, धूर, नेहमीचं. फेरीबोटीने जाणारी गाडी असेल, म्हणजे दाभोळ-धोपावे नाहीतर जयगड-तवसाळ, तर उताराच्या पट्टीवर खारं पाणी उडतं, घरी आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवायची सवय मालकाला होती का विचारा. नव्हती तर तुम्ही लावून घ्या.

प्रश्न (चिपळूणहून): पिकअपला वजन किती चालेल? मिस्त्री म्हणतो दीड टनाची गाडी आहे, घर बांधा काय होत नाही.

उत्तर: मिस्त्रीला कुंभार्ली घाट तुमच्याबरोबर उतरायचा नसतो. आरसी बुकात दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन, त्यातला फरक एवढंच तुमचं. त्यातून माणसं वजा करा. आता बघा, 18 एमएम प्लायची 8 बाय 4 ची एक शीट पस्तीस किलोच्या आसपास, दहा शीट लागल्या की साडेतीनशे. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो, त्यात वादच नाही. इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी पन्नास-साठ किलो, सिलिंडर, गाद्या, भांडी, आणि कोकणातून परत जाताना दोन फणस. शिवाय माल उतरतो, घर कधी उतरत नाही, पाटे चोवीस तास दबलेले. भिंती 6 नाहीतर 9 एमएमच्या करून वर फायबर मारलं तरी भरपूर ताकद येते, 18 फक्त ओट्याला. बांधून झालं की टाकी भरून, माणसं बसवून काटा करा, एकदा पूर्ण गाडीचा, एकदा फक्त मागच्या चाकांचा. पाणी, बॅटरी, सिलिंडर सगळं खाली आणि मागच्या एक्सलच्या पुढे. वर कपाटात कांदे-बटाटे ठेवणारे लोक आहेत, मग वळणावर गाडी झुलते म्हणून शॉकॲब्सॉर्बर बदलतात.

घाट चढताना टाकीत वीस लिटर पुरे, पाणी वर मिळतं. उतरताना ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेक तापतात आणि मग पेडल दाबलं तरी गाडी ऐकत नाही.

हो, आणि उंची मोजून डॅशबोर्डवर लिहून ठेवा. हायवेला प्रश्न नाही, वाडीत शिरताना फणसाची फांदी आणि केबलवाल्याची लोंबती वायर, सोलर त्यानेच जातात.

प्रश्न (दापोलीहून एक विद्यार्थी): काका, मला फ्रिज, फॅन, लाइट, लॅपटॉप आणि आईला मिक्सर हवाय. किती बॅटरी आणि किती सोलर?

उत्तर: शाब्बास, आधी लोड लिहिलास. बाकीचे आधी बॅटरी घेतात. 12 व्होल्टचा कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज चालू असताना 50 वॅट धर, आपल्याकडच्या मे महिन्यात दिवसातले बारा तास तरी चालू राहतो, झाले 600 वॅट-अवर. फॅन 20 वॅट, दहा तास, 200. लाइट-मोबाइल शंभर. लॅपटॉपचे दीड-दोनशे. म्हणजे हजार-अकराशे रोजचे. लिथियम आयर्न फॉस्फेटची 12.8 व्होल्ट 100 अँपिअर-अवर बॅटरी 1280 देते, म्हणजे एक दिवस कसाबसा. इन्व्हर्टरची लेड ॲसिड 150 वाली कागदावर 1800 देते पण निम्म्याच्या खाली रोज उतरवलीस तर दोन-तीन वर्षांत मरते, म्हणजे 900 च धर, वर वजन चौपट.

सोलर 330 वॅटचा एक पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला हजाराच्या आसपास देईल. जुलैत झडीच्या दिवशी त्याच्या पाव भागाची पण आशा ठेवू नकोस. म्हणून इंजिनवरून चार्जिंग हवंच, पण अल्टरनेटरची वायर सरळ लिथियमला जोडायची नाही, ती बॅटरी एवढा करंट ओढते की अल्टरनेटर जळतो, मध्ये करंट आवरून धरणारा डीसी टू डीसी चार्जर लागतो.

मिक्सरचं सांगतो. 750 वॅटचा मिक्सर म्हणजे 12 व्होल्टला साठ-सत्तर अँपिअर. वाटण दोन मिनिटांचं असतं त्यामुळे बॅटरी फारशी उतरत नाही, पण वायर बारीक असली तर त्या दोन मिनिटांत तापते. बॅटरी ते इन्व्हर्टर अंतर हातभर ठेव, वायर तांब्याची, 16 स्क्वेअर एमएमच्या खाली नको, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. फ्यूज लोडजवळ लावून उपयोग नाही, मधली वायर फ्रेमला घासून शॉर्ट झाली तर ती वाचवणार कोण? टर्मिनलला ग्रीस लाव, खाऱ्या हवेत हिरवं व्हायला सहा महिने पुरतात. किंवा आईला पाटा घे, एवढा जड नको फक्त, वरचं उत्तर वाच.

प्रश्न (सावंतवाडीहून): आत मासे तळले तर चालतील का? घरचे म्हणतात गॅस आत नको.

उत्तर: तळा, पण मागचा फाळका उघडून बाहेरच्या बाजूला. वास हा एक भाग झाला, दुसरा म्हणजे पाणी. एक किलो गॅस जळला की दीड किलोच्या वर पाण्याची वाफ तयार होते, शिवाय भाताची वाफ वेगळी, पावसात सगळं बंद करून स्वयंपाक केला की सकाळी गाद्यांना बुरशी. सिलिंडर झोपायच्या खोलीत मोकळा ठेवायचा नाही. आतून हवाबंद आणि बाहेरून उघडणारा कप्पा करा, त्याला तळाशी भोक ठेवा, वर नाही, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. भोकाला जाळी लावा नाहीतर कुंभारमाशी तिथे घर बांधते. गॅसवर किंवा कोळशाच्या शेगडीवर ऊब घेत कधीच झोपायचं नाही, आंबोलीला डिसेंबरात कितीही थंडी वाजली तरी. गोधडी घ्या.

प्रश्न (पनवेलहून, पण गाव श्रीवर्धन): आरटीओ पकडेल का? आणि समुद्राच्या वाळूत गाडी लावून राहता येईल का?

उत्तर: कायद्याचं सरळ सांगतो. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52, गाडीत असा बदल करायचा नाही की कंपनीने दिलेली आणि आरसीवर असलेली माहिती बदलेल. सुप्रीम कोर्टाने पण जानेवारी 2019 मध्ये तेच सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-124 नावाचं वेगळं मानक आहे, जुनी तयार गाडी घेताना आरसीवर ती काय म्हणून नोंदली आहे ते आधी वाचा. मालवाहू असेल आणि आत बेड असेल तर टोकन देण्याआधी कागद घेऊन आपल्या आरटीओत जा, एमएच 08 ला रत्नागिरी, 07 ला सिंधुदुर्ग, तुमच्यासाठी पनवेल, गाडी श्रीवर्धनच्या पत्त्यावर असेल तर पेण. विमा कंपनीलाही लेखी कळवा, अपघातानंतर त्यांनी स्वतः शोधून काढण्यापेक्षा बरं. आणि गाडी चालू असताना मागे कोणी बसायचं-झोपायचं नाही, पोरंबाळं तर अजिबात नाही.

वाळूत नका जाऊ. ओहोटीला वाळू कडक लागते, तासाभरात भरती लागली की खालून पाझरते आणि चाक फिरवलं की एक्सलपर्यंत आत. दरवर्षी कोणाची तरी गाडी लाटांत उभी असते आणि अख्खं गाव दोर घेऊन. हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात ते वेगळंच, त्या घरट्यांवरून चाक गेलं तर गाव तुम्हाला सोडणार नाही, आणि सोडू पण नये. एखाद्या वाडीत विचारा, शंभर-दोनशे रुपये आणि विहिरीचं पाणी यावर माडाखाली जागा मिळते. टॉयलेटची टाकी मात्र तिथे ओतायची नाही, घरच्यांच्या संडासातच रिकामी करायची, विचारून.

प्रश्न (मालवणहून): काकानू, पावसाळ्यात गाडी खय ठेवची?

उत्तर: माडाखाली तर नाहीच, आत्ता वरच्या उत्तरात लिहिलं ते दोन रात्रींपुरतं. चार महिने उभी राहिली तर एक तरी नारळ नाहीतर झावळ छतावर येणारच. पत्र्याची शेड असेल तर उत्तम. नसेल तर ताडपत्री टाका पण अंगाला चिकटवून नको, बांबू आडवे टाकून वर वीतभर फट ठेवा, नाहीतर आतल्या आत घाम धरतो. चाकाखाली चिरे, गवतात उभी केली की खालून ओल चढते. नाक जरा वर करून उभी करा म्हणजे छतावर पाणी साचणार नाही. गाद्या घरात न्या, फ्रिजचं दार काठी लावून उघडं, लिथियम बॅटरी साधारण निम्मी भरलेली ठेवून स्विच बंद. उघडीप पडली की दोन्ही दारं आणि खिडक्या उघडून दुपारभर वारा खाऊ द्या. आणि आत शिरलात की आधी ओट्यामागच्या वायरी बघा, उंदीर लाल वायर आधी खातो की काळी यावर आमच्या गॅरेजात अजून एकमत झालेलं नाही.